कर्रर्र... दार कोण उघडतंय?

मित्रांनो, रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत. जेवणं झाली आहेत. आजी जपमाळ घेऊन बसली आहे, बाबांचा डोळा लागत आला आहे, आणि तुम्ही मात्र टीव्हीसमोर डोळे फाडून बसला आहात. पडद्यावर एक जुना वाडा. एक बाई हातात कंदील घेऊन जिना चढते आहे. टक्... टक्... टक्... वर एक बंद दार. तिचा हात हळूहळू कडीकडे जातो. कर्रर्र... आणि तुम्ही पटकन गोधडी डोक्यावरून ओढून घेता! खरं की नाही?

आता एक गंमत सांगते. पुढच्या वेळी असं दृश्य लागलं की गोधडी ओढू नका. रिमोट हातात घ्या, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करा आणि मग बघा. तोच वाडा, तोच जिना, तोच कंदील. पण आता एक बाई जिना चढतेय, एवढंच दिसेल. कदाचित हसूही येईल. मग मघाची भीती गेली कुठे? ती वाड्यात नव्हती, बाईच्या चेहऱ्यावरही नव्हती. ती कुणीतरी तयार करून तुमच्यापर्यंत पोचवली होती. कशी, ते आज आपण बघणार आहोत. आणि हे समजून घेणं का गरजेचं आहे, तेही शेवटी सांगणार आहे. तेवढं मात्र आई-बाबांना शेजारी बसवून वाचा.

अंधारी खोली आणि खडूचा डबा

मी जिंतूर तालुक्यातल्या एका लहानशा गावात चौथीच्या वर्गाला शिकवते. आमच्या शाळेच्या टोकाला एक जुनी खोली आहे. तिथे मोडकी बाकं, नकाशे, लेझीम आणि खडूचे डबे ठेवलेले असतात. खोलीला खिडकी एकच, तीही उंचावर. दार जुन्या लाकडाचं.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे. पाढे तोंडपाठ, धावण्यात पहिली, विहिरीत सूर मारायलाही न भिणारी. एके दिवशी मी तिला म्हटलं, "जा गं, खोलीतून खडूचा डबा घेऊन ये." ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. मान खाली. "बाई, दुसऱ्या कुणाला तरी पाठवा ना."

मधल्या सुट्टीत तिला जवळ घेऊन विचारलं, तेव्हा कळलं. घरी रात्री सगळे मिळून भुताची एक मालिका बघत होते. त्यात अगदी असंच दार होतं. तेव्हापासून तिला रात्री नीट झोप नव्हती. घरातले म्हणत, "अगं, खोटं असतं ते सगळं." पण खोटं आहे हे कळून भीती जाते का? नाही ना! मोठ्या माणसांचीही जात नाही.

मग मी वर्गात जाहीर केलं, "आपण सगळे मिळून एक भीतीचा प्रसंग तयार करायचा. कलाकार तुम्ही, जागा ती खोली, कॅमेरा माझा मोबाईल." वर्गात असा गलका झाला की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले!

कॅमेरा काय दाखवतो, काय लपवतो?

पहिल्या दिवशी आम्ही अगदी सरळ चित्रीकरण केलं. मी मैदानाच्या मधोमध उभी राहिले. एक मुलगा चालत गेला, दार उघडून आत शिरला, डबा घेऊन बाहेर आला. सगळं एका दमात, लांबून टिपलेलं. मुलांना दाखवलं. कुणाला भीती वाटली? कुणालाच नाही. एक जण म्हणाला, "बाई, हे तर रोजचंच आहे."

बरोबर! लांबून सगळं दिसलं की भीती वाटत नाही. मैदान दिसतं, लिंबाचं झाड दिसतं, खिचडी शिजवणाऱ्या मावशी दिसतात. आपण निर्धास्त असतो.

दुसऱ्या दिवशी मी मोबाईल जमिनीजवळ धरला आणि फक्त मुलाच्या चपला टिपल्या. मग अगदी जवळून त्याचा कडीवरचा हात. मग दाराची फट आणि आतला अंधार. मग त्याचे डोळे. आता वर्ग गप्प झाला. का? कारण आता मुलाच्या मागे काय आहे, बाजूला काय आहे, ते दिसत नव्हतं. जे दिसत नाही, ते आपलं मन स्वतःच तयार करतं. आणि मनासारखा भुतं तयार करणारा कारखाना दुसरा नाही, बरं का!

'शोले' हा १९७५ सालचा चित्रपट तुमच्या आई-बाबांनी नक्की पाहिला असेल. त्यात डाकू गब्बर पहिल्यांदा येतो तेव्हा दिग्दर्शक रमेश सिप्पी त्याचा चेहरा लगेच दाखवत नाहीत. आधी दिसतात खडकावर चालणारे बूट आणि हातातून लोंबणारा पट्टा. चेहरा नंतर. तोवर बघणाऱ्याच्या मनात गब्बर चांगला दुप्पट मोठा झालेला असतो.

त्याच वर्षी अमेरिकेत 'जॉज' नावाचा चित्रपट आला. एका शार्क माशाची गोष्ट. दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी त्यासाठी यंत्राचा शार्क बनवून घेतला होता. पण समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो यंत्राचा मासा सारखा बिघडायचा. मग करायचं काय? त्यांनी मासा दाखवायचाच कमी केला! नुसतं पाणी, पाण्यावर तरंगणारे पिवळे पिंप आणि संगीत. प्रेक्षकांना शार्क नीट दिसतो तो एक तास उलटून गेल्यावर. आणि तरीही, खरं तर म्हणूनच, लोक घाबरले. अडचणीतून युक्ती निघाली ती अशी.

कॅमेऱ्याची उंचीही काम करते. वरून खाली बघणारा कॅमेरा माणसाला लहान, एकटं करून टाकतो. खालून वर बघणारा कॅमेरा माणसाला मोठं, दांडगं करतो. कॅमेरा थोडा तिरका धरला की काहीतरी बिनसलंय असं वाटायला लागतं. हातात धरलेला, हलणारा कॅमेरा असेल तर आपणच त्या माणसामागे धावतोय असं वाटतं. आणि कॅमेरा माणसाच्या पाठीमागून हळूच पुढे सरकला, तर आपल्याला वाटतं, अरे बापरे, हे कुणाचे डोळे आहेत?

कात्री आणि चिकटपट्टी

आता तुकडे तर तयार झाले. ते जोडायचे कसे? या कामाला संकलन म्हणतात आणि ते करणाऱ्याला संकलक. पूर्वी चित्रपटाची फीत खरोखर कापून जोडली जाई. आता ते काम संगणकावर होतं, मोबाईलवरही होतं. मला माझ्या भाच्याने एका रविवारी बसून शिकवलं. विद्यार्थी मी आणि गुरुजी तो!

आधी आम्ही एक प्रयोग केला. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने तो केला होता. त्याने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. कधी त्या चेहऱ्यानंतर सूपचा वाडगा दाखवला, कधी शवपेटी. चेहरा तोच, पण वाडगा पाहून बघणाऱ्यांना नट भुकेला वाटला आणि शवपेटी पाहून दुःखी.

आम्ही आमच्या वर्गातल्या एका शांत मुलाला कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि सांगितलं, "हसू नकोस, रडू नकोस, नुसता समोर बघ." तोच तुकडा तीनदा वापरला. पहिल्यांदा त्यानंतर वाफाळत्या खिचडीचं ताट जोडलं. दुसऱ्यांदा विहिरीच्या काठावर पडलेली एक छोटीशी चप्पल. तिसऱ्यांदा अंधाऱ्या खोलीचं किलकिलं दार. मग तिसरीच्या मुलांना बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "आधी याला भूक लागलीय. मग याचं कुणीतरी हरवलंय. मग हा घाबरलाय." आमचा शांत मुलगा चक्रावून गेला. "बाई, मी तर काहीच केलं नव्हतं!"

पाहिलंत ना? भाव चेहऱ्यावर नव्हता, तो दोन चित्रांच्या जोडात होता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

संकलकाच्या हातात आणखी एक हत्यार असतं. ते म्हणजे वेळ. आपल्याकडच्या दूरदर्शनच्या पद्धतीत एका सेकंदाला २५ चित्रं सरकतात. कोणतं चित्र किती वेळ ठेवायचं, हे संकलक ठरवतो. सुरुवातीला लांब तुकडे, मग थोडे छोटे, मग आणखी छोटे. चपला, हात, डोळे, दार, डोळे, दार! जणू आपल्याच छातीचे ठोके वाढताहेत. आणि उलटही करता येतं. सगळं झरझर चाललेलं असताना एकच चित्र नको तितका वेळ रोखून धरायचं. आपण जागच्या जागी चुळबुळायला लागतो.

आता एक अभिमानाची गोष्ट ऐका. ज्या 'शोले'बद्दल मघाशी बोललो, त्याचं संकलन मा. स. शिंदे या मराठी माणसाने केलं होतं. सुमारे ३ लाख फूट फीत चित्रित झाली होती. त्यातून त्यांनी सुमारे २० हजार फुटांचा चित्रपट काढला. म्हणजे पंधरा भागांतला एक भाग ठेवायचा आणि चौदा भाग बाजूला! त्या वर्षीच्या फिल्मफेअर पुरस्कारांत इतक्या गाजलेल्या 'शोले'ला एकच पुरस्कार मिळाला, तो शिंदे यांच्या संकलनाला. त्यात एक प्रसंग आहे. गब्बर ठाकूरच्या घरातल्या माणसांना मारतो. एकेक जण कोसळताना चित्र क्षणभर थिजतं. मागे झोपाळ्याची करकर. शेवटी समोर एक लहान मुलगा उरतो. गब्बर बंदूक रोखतो आणि गोळीबरोबर चित्र बदलतं, समोर येते ती धडधडत आगगाडी. मुलाला काय झालं ते दाखवलेलंच नाही. पण ते दृश्य पाहिलेली माणसं आजही त्याबद्दल आवाज खाली करून बोलतात. न दाखवण्याची ताकद ती हीच.

कापलंच नाही तर?

तुम्ही म्हणाल, मग कात्री नसेल तर ताण तयारच होणार नाही का? याचं उत्तर टीव्हीवरच्याच एका मालिकेने दिलं आहे.

बी. पी. सिंग हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले आणि मुंबई दूरदर्शनमध्ये कॅमेऱ्यावर काम केलेले गृहस्थ. त्यांनी दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' ही मराठी पोलीस मालिका केली. १०० हा पोलिसांना बोलावण्याचा फोन नंबर, त्यावरून हे नाव. तिच्यात शिवाजी साटम होते. पुढे याच जोडीने 'सी.आय.डी.' ही हिंदी मालिका आणली. ती २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली आणि २०१८ पर्यंत, म्हणजे तब्बल २० वर्षं, चालली. साटमांचे एसीपी प्रद्युम्न आणि दार तोडणारे दया कुणाला माहीत नाहीत? परभणीपासून पार दिल्लीपर्यंत मुलं बोटं फिरवत त्यांची नक्कल करतात.

याच मालिकेचा एक भाग ७ नोव्हेंबर २००४ रोजी दाखवला गेला. तो १११ मिनिटांचा होता आणि त्यात एकही काप नव्हता! कॅमेरा एकदा सुरू झाला तो १११ मिनिटांनीच थांबला. सेकंदाला २५ चित्रं धरली तर किती झाली? करा गुणाकार. १११ गुणिले ६० गुणिले २५. उत्तर १,६६,५००. एवढ्या चित्रांत कुठेही कात्री नाही. या भागाची गिनीज बुकात नोंद झाली.

विचार करा, हे किती अवघड! कुणी वाक्य विसरलं, कुणी अडखळलं, एखाद्याला शिंक आली, तर काय करणार? कापून टाकता येत नाही. पण गंमत अशी की त्यातून ताण वेगळ्या वाटेने येतो. काप असला की आपल्याला श्वास घ्यायला जागा मिळते. 'चला, दुसऱ्या जागी गेलो,' असं मन म्हणतं. काप नसला की सुटकाच नाही. कॅमेरा जिथे जाईल तिथे आपल्यालाही फरफटत जावं लागतं. म्हणजे कात्री भराभर चालवूनही ताण येतो आणि कात्री खाली ठेवूनही येतो. स्वयंपाकात मिरची आणि मिरी दोन्ही तिखटच, पण चव वेगळी. कुठे काय घालायचं, हे स्वयंपाक करणाऱ्याला कळलं पाहिजे.

बाजेखालचा साप

आल्फ्रेड हिचकॉक हे रहस्यपटांचे मोठे उस्ताद. धक्का आणि ताण यांतला फरक ते टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन समजावत. मी तो तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

समजा, आजोबा अंगणात बाजेवर बसून पाव्हण्यांशी गप्पा मारताहेत. पाऊस, सोयाबीनचा भाव, पाव्हण्याच्या मुलीचं लग्न. अचानक बाजेखालून साप निघतो. आपण दचकतो. किती वेळ? पाच-दहा सेकंद. हा झाला धक्का.

आता तीच गोष्ट वेगळी सांगू. आधी आम्हाला दाखवा की साप सरपटत बाजेखाली जाऊन बसला आहे. आजोबांना ते माहीत नाही. मग तेच पाऊसपाणी, तोच सोयाबीनचा भाव. आता आपल्याला एकेक वाक्य जड जातं. आजोबा पाय खाली सोडतात, आपण पाय वर घेतो! आपण मनात ओरडतो, "आजोबा, उठा ना! गेला खड्ड्यात तो भाव!" हा झाला ताण. तो पाच मिनिटं टिकतो, पंधरा मिनिटंही टिकतो. बघणाऱ्याला जास्त माहीत आणि पडद्यावरच्या माणसाला कमी, एवढीच त्यातली किल्ली.

आम्ही आमच्या प्रसंगात दोरखंडाचं वेटोळं दारामागे ठेवलं. आधी बघणाऱ्यांना ते अंधुकसं दाखवलं. मग आमचा मुलगा गाणं गुणगुणत दाराकडे निघाला. पहिल्या दिवशी २२ सेकंदांत संपलेला प्रसंग आता १ मिनिट १० सेकंदांचा झाला. आणि चौथीचा वर्ग, ज्याने स्वतःच्या हाताने तो दोर ठेवला होता, तोसुद्धा श्वास रोखून बसला.

कानांनी बघायचं

पण अजून एक गोष्ट उरली होती. आवाज!

चित्रीकरणाच्या वेळचे आवाज बहुतेकदा उपयोगाचे नसतात. आमच्या पहिल्या तुकड्यांत ट्रॅक्टरचा आवाज होता, मावशींची भांडी होती, मध्येच एक कोंबडा. म्हणून आवाज नंतर वेगळे घेऊन चित्राला जोडतात. पावलांचे, कपड्यांच्या सळसळीचे, भांड्यांचे असे आवाज पडद्याकडे बघत बघत हाताने काढणाऱ्या कलेला 'फोली' म्हणतात. हे नाव जॅक फोली या अमेरिकन माणसावरून पडलं. नारळाच्या दोन करवंट्या एकमेकींवर आपटा, घोडा दौडू लागतो. नाटकवाले पत्रा हलवून ढगांचा गडगडाट करत आले आहेत. आपल्या परभणी आकाशवाणीवर श्रुतिका ऐकलेल्या आजोबांना विचारा. चित्र अजिबात नाही, तरी त्यांना सगळं 'दिसायचं' ते आवाजातूनच.

दाराचा आवाज काढायची जबाबदारी मी कुणाला दिली असेल? ओळखलंत! त्याच मुलीला. ती आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली, "बाई, तुम्ही शेजारी उभ्या राहाल?" मी मोबाईल बिजागरीजवळ धरून उभी राहिले. तिने दार भस्सकन उघडलं. आवाज आला, पण नुसता 'खट्'. मी म्हटलं, "अगदी हळू." तिने हळू उघडलं. कर्रर्र! मग तिलाच चेव आला. अर्धं उघडून थांबून बघितलं. वर उचलून उघडलं, दाबून उघडलं. तीस-चाळीस वेळा तरी उघडझाप झाली असेल. शेवटी तीच मला सांगू लागली, "बाई, हळू उघडलं की जास्त कुरकुरतं. आणि मधे थांबलं की जास्त भ्या वाटतं." मी बघतच राहिले. जी गोष्ट मी पुस्तकं वाचून शिकले, ती तिने दाराकडून शिकून घेतली होती.

तिचं म्हणणं अगदी खरं आहे. ताणाच्या आवाजात सर्वांत मोठा वाटा कशाचा, माहीत आहे? शांततेचा! कीर्तनकार बुवा ऐन रंगात आलेली गोष्ट सांगता सांगता एकदम थांबतात, तेव्हा पेंगणारा माणूसही डोळे उघडतो. हिचकॉक यांच्या १९६३ सालच्या 'द बर्ड्स' या चित्रपटात नेहमीचं पार्श्वसंगीतच नाही. पक्ष्यांचे आवाज आहेत, त्यातले कितीतरी यंत्रावर तयार केलेले, आणि मध्ये मध्ये भयाण शांतता. 'जॉज'मध्ये मात्र संगीतकार जॉन विल्यम्स यांनी अवघ्या दोन स्वरांवर कमाल केली. तेच दोन खर्जातले स्वर, आधी सावकाश, मग जलद, मग आणखी जलद. मासा दिसत नाही, पण जवळ येतोय हे कानाला कळतं.

आम्ही शेवटी फक्त चार आवाज वापरले. चपलांचे, श्वासाचे, पालीच्या चुकचुकण्याचे आणि त्या दाराचे. दार उघडायच्या आधी दोन सेकंद काहीच नाही. सातवीच्या दोन धटिंगणांनी ते पाहताना एकमेकांचे हात धरले होते. नावं सांगत नाही, वचन दिलंय!

आता आई-बाबांनाही बोलवा

प्रसंग बघून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "बाई, मग मोबाईलवर जे व्हिडिओ येतात, तेही असेच जोडलेले असतात का?"

मित्रांनो, या प्रश्नासाठीच मी हा लेख लिहायला बसले.

२०१८ साली आपल्या देशात मोबाईलवरून एक चित्रफीत फिरत होती. गल्लीत मुलं खेळताहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि पळून जातात. खाली मजकूर असायचा की मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येणारच! पण खरं काय होतं? ती फीत पाकिस्तानातल्या कराची शहरात एका संस्थेने लोकांना सावध करण्यासाठी मुद्दाम तयार केलेली होती. मूळ फितीत मोटारसायकलवाले त्या मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवा अशा अर्थाचा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापून टाकला. बस्स, एवढंच केलं. एका कापाने जागृतीची फीत अफवेची फीत झाली. आठवतंय ना ते वाक्य? भाव चेहऱ्यावर नसतो, जोडात असतो.

त्या वर्षी अशा अफवांनी अनेक राज्यांत निरपराध माणसांचे जीव घेतले. आपल्या महाराष्ट्रातही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या जमातीतल्या ५ जणांना जमावाने मुलं पळवणारे समजून ठार मारलं. त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं. त्यांच्या घरीही त्यांची वाट बघणारी मुलं होती.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशांवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि एकावेळी पाच ठिकाणांपेक्षा जास्त पाठवता येणार नाही अशी मर्यादा भारतात घालण्याचं जाहीर केलं. चांगलं झालं. पण खरी मर्यादा आपल्या बोटालाच घालावी लागते.

म्हणून आमच्या वर्गाने भिंतीवर चार प्रश्न लिहून ठेवले आहेत. तुम्हीही वहीत लिहून घ्या.

पहिला: या तुकड्याच्या आधी काय घडलं असेल आणि नंतर काय? दुसरा: हा आवाज खरंच तिथला आहे की नंतर घातलेला? तिसरा: आवाज बंद करून पाहिलं तर नुसतं काय दिसतं? चौथा: हे बघून मला घाई का होतेय? भीती वाटली किंवा राग आला की आपल्याला लगेच काहीतरी करावंसं वाटतं. तेव्हाच थांबायचं.

पालकांनाही एक विनंती. मूल घाबरलं तर "खोटं असतं ते" एवढ्यावर सोडू नका. त्याच्याशेजारी बसा, आवाज बंद करा, "आता कॅमेरा कुठे असेल रे?" असं विचारा. लहान मुलं भीतीचे प्रसंग रात्री उशिरापर्यंत बघणार नाहीत, एवढी काळजी तर घ्याच. आणि हो, घरातल्या आजोबांच्या किंवा काकांच्या मोबाईलवर तसं काही आलं, तर हेच चार प्रश्न मुलांना विचारू द्या. "तू लहान आहेस" असं म्हणू नका. त्या वेळी ते मूल आपल्यापेक्षा शहाणं असण्याची शक्यता आहे.

आता शेवटची बातमी. मागच्या आठवड्यात वर्गातले खडू संपले. मी कुणाला पाठवावं म्हणून बघत होते, तोवर ती मुलगी उठून चालायलाही लागली. दार उघडल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना वर्गात ऐकू आला. कर्रर्र! मग शांतता. आम्ही वाट बघतोय. एक मिनिट झालं. दोन मिनिटं झाली. आता मात्र माझ्याच छातीत धडधडायला लागलं.

मग ती डबा घेऊन आली. मी विचारलं, "अगं, एवढा वेळ काय करत होतीस?"

"काही नाही बाई, तुम्ही घाबरता का ते बघत होते!"

शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले, "त्या बिजागरीला एकदा तेल घालून टाकू." तर सगळा चौथीचा वर्ग एका सुरात ओरडला, "नको सर! आम्हाला पुढच्या प्रसंगाला लागणार आहे!"